मायक्रोएलईडीचं घोडं अडतं कुठे?

‘एलईडी टीव्ही’ म्हणून विकला जातो तो बहुतेक वेळा एलसीडीच असतो. एलईडी म्हणजे त्याच्या पडद्यामागचा दिवा. मायक्रोएलईडी पडद्यात मात्र प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला, लाल, हिरवा, निळा असे तीन स्वतंत्र एलईडी असतात. काळा रंग हवा, की ते चक्क विझतात. ओलेड या दुसऱ्या प्रकारच्या पडद्यातही तेच होतं, पण तिथले उजेड देणारे सेंद्रिय थर वापराने मंदावत जातात. इथल्या निळ्या-हिरव्या एलईडीचा पदार्थ, गॅलियम नायट्राइड, त्यापेक्षा कितीतरी चिवट.

आता ४के पडद्याचा हिशोब करा: ३८४० × २१६० × ३ म्हणजे २,४८,८३,२०० एलईडी. ते तयार होतात वेफरवर, म्हणजे स्फटिकाच्या पातळ चकतीवर, खेटून. पडद्यावर लागतात अंतर सोडून, एक-दोन मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अचूकतेने. एकेक उचलणं अशक्यच. म्हणून मऊ सिलिकोन रबराचा शिक्का वापरतात. तो झटक्यात उचलला तर चिप, म्हणजे एलईडीचा तुकडा, चिकटून वर येते, ठेवताना सावकाश सोलला तर खालीच राहते. गंमत म्हणजे सगळा खेळ या वेगावर चालतो. एका वेळी १०,००० चिप उचलल्या तरी सुमारे २,४८९ खेपा होतात. आणि ९९.९९ टक्के चिप नीट बसल्या, तरी जवळपास २,५०० ठिपके मेलेलेच! ९९.९९९९ टक्क्यांनाही २५ उरतात. ते लेझरने काढून नवे बसवायचे, किंवा आधीच प्रत्येक जागी जोडीला एक जादा एलईडी ठेवायचा. मग चिपचा खर्च दुप्पट.

दुसरं दुखणं चिपच्या कडांचं. वेफरवर चिप प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) कापताना कडेचे स्फटिक बिघडतात आणि तिथे पोहोचलेली वीज प्रकाशाऐवजी उष्णता होते. चिप जितकी लहान, तितका कडेचा वाटा मोठा. लाल एलईडी वेगळ्याच पदार्थाचा, ॲल्युमिनियम-गॅलियम-इंडियम फॉस्फाइडचा. त्याला हा फटका सर्वांत जास्त बसतो. कापल्यावर कडा रसायनाने धुऊन ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) पातळ थर चढवला की नुकसान कमी होतं, संपत नाही.

उजेड कमी-जास्त करतानाही सांभाळावं लागतं. प्रवाह वाढवला की हिरव्याची छटा निळ्याकडे सरकते. म्हणून प्रवाह ठरावीक ठेवून एलईडी अतिशय वेगाने चालू-बंद करतात आणि चालू राहण्याचा वेळ बदलतात.