शून्य करंटला दोन अँपियर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये गाडीच्या बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर बनत होता. काम सोपं वाटतं: १०० मायक्रोओहमची पट्टी, म्हणजे शंट, त्यातून ३०० अँपियर गेले की टोकांमध्ये ३० मिलिव्होल्ट मिळतात, ते अ‍ॅम्प्लिफायरनं मोठे करायचे. पण बसायचं इंजिनाशेजारी, त्यामुळे १२५ अंशांना चाचणी. सोमवारी पुण्याला नमुना द्यायचा होता.

शुक्रवारी ओव्हन तापला आणि करंट बंद असताना पडद्यावर दोन अँपियर. खोलीच्या तापमानाला तोच सेन्सर अगदी शहाण्यासारखा वागायचा.

मी अ‍ॅम्प्लिफायरवर खापर फोडलं. गरम झालं की त्याचा शून्यबिंदू सरकतो, हे पाठ होतं ना! दोन चिपा बदलल्या. अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट शॉर्ट करून, म्हणजे त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून बघायला दोन मिनिटं लागतात, ते मला शनिवारी दुपारी सुचलं. शॉर्ट केल्यावर ओव्हनमध्येही शून्य. म्हणजे चूक पट्टीत होती, आणि पट्टी मी निवडलेली.

मँगॅनिन या मिश्रधातूची पट्टी यायला वेळ लागणार होता, म्हणून मी कॉन्स्टंटन या दुसऱ्या मिश्रधातूला होकार दिला होता. तापमानानं रोध फारसा बदलत नाही, या बाबतीत दोघी जवळजवळ सारख्याच. कागदावर मी तेवढंच बघितलं.

आमच्याकडचे मामा आधी हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर होते. त्यांनी सप्लायच्या तारा सोडवायला लावल्या. तरी दोन अँपियर. मग ओव्हनचं दार उघडून पट्टीच्या एका टोकावर हॉट एअर गन धरली. आकडा खाली आला, शून्य ओलांडून उणे झाला. दुसऱ्या टोकावर धरली, तर भराभर वर.

"सर, ह्ये थर्मोकपल झालंय की ओ."

खरंच. थर्मोकपल म्हणजे तापमान मोजायला जोडलेले दोन वेगळे धातू, आणि तांबं-कॉन्स्टंटन ही त्यातली नेहमीची जोडी. दोन सांध्यांत एका अंशाचा फरक पडला की सुमारे ४० मायक्रोव्होल्ट, आमच्या पट्टीवर ०.४ अँपियर. एका बाजूची जाड बसबार, म्हणजे करंट नेणारा तांब्याचा दांडा, ओव्हनच्या भोकातून बाहेर जात होती, ती उष्णता ओढून घ्यायची. टोकांत पाच अंशांचा फरक, झाले दोन अँपियर. बॅटरीतून किती गेलं याचा हिशेब हाच सेन्सर ठेवणार. दहा तासांत वीस अँपियर-अवरचा घोळ!

ओव्हनची भोकं बघून मामा म्हणाले, "दोनी बाजू सारख्या करा आदी." त्या रात्री बसबार दोन्हीकडं सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या केल्या. फरक एका अंशावर आला, तरी ०.४ अँपियर उरलेच. मँगॅनिन गुरुवारी आलं. तांब्याशी त्याचं अंशामागं एखादा मायक्रोव्होल्ट. आता आकडा शेवटच्या स्थानावर नुसता थरथरत होता.

सोमवारची तारीख चुकली ती चुकलीच. पुण्याला फोन करून कारण सांगताना मी 'पट्टीचा माल बदलला' एवढंच म्हणालो. मामा शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत.