तासभर आधी लावलेलं मलम

थॅलेसेमियाच्या मुलांना साधारण दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. म्हणजे वर्षाला सतरा-अठरा सुया, त्याही शीर पहिल्या टोचणीत मिळाली तर. मी नर्स आहे त्या हॉस्पिटलच्या डे-केअरला येणारी आठ वर्षांची मुलगी परवा आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर बधिर करणारं मलम घरूनच लावलेलं होतं. तयारी चोख होती. तरी माझी पहिली टोचणी वाया गेली.

'या क्रीमनं काही होत नाही' असं आमच्याकडे सर्रास म्हटलं जातं. होणार कसं? बामसारखं चोळायचं, दहा मिनिटांत पुसायचं आणि टोचायचं. लिग्नोकेन 2.5 टक्के आणि प्रिलोकेन 2.5 टक्के असलेलं हे मलम कातडीतून हळूहळू झिरपतं. तासाभरात सुमारे 3 मिलिमीटर, दोन तासांत 5 पर्यंत. दहा मिनिटांत फक्त हात चिकट होतो.

म्हणून मागच्या खेपेलाच तिच्या आईला सगळं करून दाखवलं होतं. उजव्या हाताची पाठ आणि डाव्या हाताचा पुढचा भाग, अशा दोन जागा बॉलपेननं गोल करून दिल्या. एका जागी साधारण 2 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या ट्यूबमधलं अर्ध्याला थोडं कमी. चोळायचं नाही, ढीग ठेवायचा. वर पारदर्शक चिकट ड्रेसिंग, कडा चारही बाजूंनी दाबलेल्या, नाहीतर मलम बाजूनं निसटतं आणि मधली जागा कोरडी राहते. त्यावर पायमोजा, म्हणजे हात तोंडात जाणार नाही. आणि पट्टीवर वेळ लिहायची. तिच्या आईनं, ताईंनी, 8.10 लिहिलं होतं. एसटीनं त्या पावणेदहाला पोचल्या. मला याहून चांगली तयारी करता आली नसती.

मलम द्यायच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारल्या होत्या: जी-6-पीडीचा, म्हणजे लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमचा, रिपोर्ट कसा आहे, आणि सल्फाचं किंवा डॅप्सोनचं औषध चालू आहे का. प्रिलोकेनमुळे क्वचित मेथहिमोग्लोबिन वाढतं, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, ओठ निळसर पडतात. जिचं हिमोग्लोबिन आधीच कमी, तिच्या बाबतीत हे विचारल्याशिवाय ट्यूब हातात द्यायचीच नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळांना तर जास्तच जपावं लागतं.

आता चूक. मी ड्रेसिंग काढलं, मलम पुसलं, स्पिरिट लावलं आणि लगेच 22 नंबरची निळी व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची बारीक नळी) घातली. कातडी पांढरीफटक दिसत होती, ते मी पाहिलं होतं. या मलमानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि शीर दबते. पुसल्यावर पाच-दहा मिनिटं थांबलं की रंग परत येतो. हे मला माहीत आहे, नव्या मुलींना मीच शिकवते. पण रक्ताची बॅग उशाशी येऊन पडली होती. रक्तपेढीतून बाहेर आली की अर्ध्या तासात चालू करायची आणि चार तासांत संपवायची, म्हणून बॅग दिसली की आमचे सगळ्यांचेच हात पळायला लागतात. रक्ताचा एक थेंब मागे दिसला आणि तिथंच थांबला. पुढं सरकवली तर हाताची पाठ फुगली. काढली.

पोरगी रडली नाही. "टोचलं का?" एवढंच तिनं विचारलं. टोचलं होतं, असं खरं तेच सांगितलं. त्याआधी ती रडली होती ती टूर्निके बांधताना. मलमानं टोचणं कळत नाही, पण दाब कळतोच, आणि तो रबरी पट्टा म्हणजे पुढची सुई हे तिला वर्षानुवर्षं पाठ झालंय. 'दाबल्यासारखं वाटेल' हे आधी सांगायला हवं होतं, पट्टाही फ्रॉकच्या बाहीवरून बांधायला हवा होता.

"दुसरा हात घे पटकन, बॅग गरम होतेय," सीनियर म्हणाल्या. मी घेतला नाही. मलम पुसल्यावरही बधिरपणा तासभर सहज टिकतो. घाई बॅगेची होती, मुलीची नव्हती. अर्धा तास उलटायच्या आत वॉर्डच्या मदतनीस मामांबरोबर बॅग न उघडता परत पाठवली. वॉर्डच्या फ्रिजमध्ये रक्त ठेवायचं नसतं. डाव्या हातावर कोमट ओला टॉवेल गुंडाळला, हात पलंगाखाली लोंबता ठेवला. दहा मिनिटांनी कातडी गुलाबी झाली आणि शीर बोटाला लागली. बाहीवरून पट्टा, निळी व्हेनफ्लॉन, एका टोचणीत आत. मग बॅग मागवली.

मोठ्यांना तर कोणी विचारतच नाही. 18 नंबरची जाड, हिरवी व्हेनफ्लॉन घालताना तासभर थांबायला वेळ नसला, तरी इन्सुलिनच्या सिरिंजनं अ‍ॅड्रिनलिन नसलेलं 1 टक्का लिग्नोकेन 0.1 मिली कातडीतच देऊन बारीक फोड उठवली तर मिनिटभरात काम होतं. औषध जाताना चुरचुरतं, पण जाड सुईपेक्षा ते परवडतं. 'दोनदा कशाला टोचायचं' म्हणून हे होत नाही. ज्याच्या हातात हिरवी जाते त्याला विचारून बघावं.

मलम आमच्या इंडेंटमध्ये, म्हणजे वॉर्डच्या मागणीच्या यादीत, नाही. ट्यूब ताईंनी स्वतःच्या पैशानं आणली. मी मागणी लिहून दिली आहे. शिरेत व्हेनफ्लॉन लागल्याशिवाय बॅग आणायची नाही, हे मामांना आणि सीनियरनाही सांगून झालंय. पुढच्या खेपेसाठी डाव्या हातावरच दोन गोल काढून दिलेत. उजव्या हाताची पाठ अजून काळीनिळी आहे.