आमची वाटचाल : पंधरा दिवसांत गप्प करून देण्यापासून पुढे

फार भुंकणाऱ्या कुत्र्यांना शांत राहायला शिकवणं हे आमचं काम. सुरुवातीला आम्ही कुत्री आमच्याकडेच ठेवून घ्यायचो. 'पंधरा दिवस सोडा, शांत कुत्रा घेऊन जा' अशी जाहिरातही केली होती. पहिला आला तो बीगल. चौथ्या दिवशी गप्प! आम्ही खूश, घरचेही खूश. परत गेला आणि आठवड्याच्या आत फोन आला, "अहो, हा तर पूर्वीपेक्षा जास्त भुंकतोय." पैसे परत केले. आमच्याकडे त्याच्या घरची बेल नव्हती, रस्त्याकडची खिडकी नव्हती आणि भुंकला की धावत येणारी माणसंही नव्हती. मग शिकला काय होता तो?

तेव्हापासून आम्ही घरी जाऊन शिकवतो. पहिल्या भेटीत नुसतं बसून बघायचं. एका घरी बेल वाजली की कुत्री दारावर झेपावायची, आजोबा खुर्चीतून "गप्प बस!" म्हणून ओरडायचे आणि ती आणखी चेकाळायची. तिच्या हिशेबाने आजोबाही सोबतीने भुंकत होते. पार्सलवाला निघून गेला की शेपटी वर करून ऐटीत परत यायची. रोज भुंकायचं, रोज माणूस पळून जायचा. मग ती कशाला थांबतेय?

आम्ही बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला. तो अगदी हळू वाजवायचा, तिने कान टवकारले की भुंकायच्या आत चटईवर खाऊ. जरा उशीर झाला की खाऊ भुंकण्याच्या खात्यात जातो, म्हणून तो डब्यात नाही, मुठीत हवा. आवाज थोडा थोडा वाढवत नेला. तिसऱ्या आठवड्यात खरी बेल वाजली तेव्हा ती एकदाच भुंकली आणि चटईवर जाऊन बसली. एकदा भुंकलेलं आम्ही चालवून घेतो. कुत्रं आहे शेवटी.

लक्ष वेधायला भुंकणाऱ्यांकडे बघायचंसुद्धा नाही. पण आधी भुंकणं वाढतं आणि नेमके तिथेच घरचे विरघळतात. हे पहिल्या दिवशी बजावून सांगतो, तरी तिसऱ्या दिवशी फोन येतोच.

विजेचा झटका देणारे पट्टे आम्ही वापरत नाही. वेल्समध्ये २०१० पासून त्यांवर बंदी आहे. आवाज दबतो, भीती आतच राहते. या हट्टापायी बरीच गिऱ्हाइकं गेली.

परवा एका म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरसाठी बोलावणं आलं. आयुष्यभर शांत असलेला, अचानक रात्री भुंकायला लागलेला. आम्ही शिकवलं काहीच नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवला. कान पिकला होता. त्या भेटीचे पैसे घ्यायचे की नाही, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.