कुंडीतलं मिश्रण: आधी हवा, मग खत

कुंड्या भरायला घेतल्या तेव्हा खतापेक्षा हवेचा विचार आधी केला. खत वरून कधीही देता येतं, मुळांपाशी पोकळी मात्र भरतानाच ठेवावी लागते. अंगणातली नुसती माती कुंडीत पाणी घालून घालून दबते आणि तिच्या बारीक पोकळ्यांत पाणीच साचून राहतं.

मग मोजूनच पाहिलं. कुंडीची भोकं चिकटपट्टीने बंद केली आणि काठोकाठ पाणी ओतून ती किती लिटरची आहे ते काढलं. ती रिकामी करून किंचित ओलसर मिश्रण भरलं, हळूहळू पाणी सोडलं, पृष्ठभागावर चमक येईपर्यंत. थोडं मुरू दिलं. पट्टी काढल्यावर घमेल्यात जेवढं निथळलं, तेवढी जागा हवेची. १० लिटरच्या कुंडीतून दीड लिटर निथळलं तर १५ टक्के. बहुतेक झाडांना १० ते २० टक्के पुरतात, ऑर्किडला बरेच जास्त लागतात.

एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धा भाग गांडूळखत घेतलं. आकडा कमीच आला. परलाइट (भाजून फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके पांढरे दाणे) वाढवत गेले तसा तो चढला. (कोरड्या परलाइटची धूळ नाकात जाते, आधी पाणी शिंपडावं.) व्हर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेलं अभ्रकासारखं खनिज) मी टाळलं, ते पाणी धरतं आणि दाबलं की चपटं होतं.

तळाशी खडी घालण्याची पद्धत मात्र सोडली. बारीक मिश्रणातलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, त्यामुळे ओला थर उलट वर, मुळांजवळ सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरेसा आहे. उथळ कुंडीत तेच मिश्रण जास्त ओलं राहतं, म्हणून तिथे परलाइट वाढवते.

सर्वांत वेळखाऊ काम कोकोपीटचं. त्यात क्षार असतात, ते दोन-तीनदा भिजवून पिळावं लागतं. पण सोडियम आणि पोटॅशियम तंतूंना धरून बसतात, नुसत्या पाण्याने पुरते सुटत नाहीत. नाजूक रोपांसाठी ते कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा धुते. कॅल्शियम त्यांची जागा घेतं.

बियांसाठी वेगळं ठेवते: चाळलेलं कोकोपीट आणि परलाइट, खत अजिबात नाही.