सेटलमेंट झालं म्हणजे कर्ज मिटलं, असं मला वाटलं होतं

2024 च्या दसऱ्याला गाडी घ्यायची असं ठरवूनच मी शोरूममध्ये गेलो होतो. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काम करतो आणि माझं गाव कागलच्या बाजूला, चौदा किलोमीटरवर आहे. सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते, त्या वेळी एसटी नसते. चार वर्षं एका सहकाऱ्याच्या मागे बसून घरी आलो. तो गावाकडे निघून गेल्यावर मात्र स्वतःची गाडी हाच एक मार्ग उरला.

कोपऱ्यातल्या टेबलावर फायनान्सची मुलगी बसली होती. तिनं पॅन नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुमचं सिबिल लागतंय." सिबिल म्हणजे आधीची कर्जं आपण कशी फेडली याचा रिपोर्ट आणि त्यावरून ठरणारा स्कोअर; माझा खराब निघाला होता. शेजारच्या दोन टेबलांवरही विचारून बघू, असं तीच म्हणाली. तिथंही नकार आला. मागे एक कुटुंब नव्या गाडीला हार घालत होतं आणि त्यांनी मलाही पेढा दिला. तो हातात धरून मी बाहेर आलो.

पहिला नकार आला तिथंच थांबायला हवं होतं. कर्जासाठी कुणीही आपला रिपोर्ट मागवला की त्याची चौकशी म्हणून नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा नोंदी साठल्या तर स्कोअर आणखी खाली येतो. माझ्या रिपोर्टवर एकाच तारखेच्या तीन चौकश्या दिसत होत्या. आपला रिपोर्ट आपणच बघितला तर मात्र स्कोअरला धक्का लागत नाही.

तो रिपोर्ट फुकट मिळतो हे मला कामावरच्या एका पोरानं सांगितलं. आपल्याकडे कर्जाच्या नोंदी ठेवून असा रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट विनामूल्य मिळतो. वेबसाइटवर पैसे भरायचे प्लॅन ठळक दिसतात, फुकटची लिंक जरा शोधावी लागते. 300 ते 900 मधला स्कोअरचा आकडा 750 च्या वर असला की सहसा अडत नाही. माझा 583 होता.

पण आकड्यापेक्षा आतली पानं महत्त्वाची निघाली. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात आणि त्यात हप्ता किती दिवस थकला ते लिहिलेलं असतं. 000 म्हणजे वेळेवर. माझ्या एका कर्जाखाली 000, 000, मग 030, 061, 091 अशी रांग होती. 2020 चा उन्हाळा. फाउंड्री बंद, पगार नाही, आईचं औषध चालू. त्या चौकोनांकडे बघताना ते सगळे महिने पुन्हा डोळ्यांसमोर आले.

ते कर्ज मोबाईलचं होतं. 2021 मध्ये वसुलीवाल्याचा फोन आला, "10,400 राहिलेत, 6,000 भरा, विषय मिटवून टाकू." मी उसने घेऊन भरले आणि सुटलो असं समजलो. रिपोर्टात त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा होता. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' असतं. सेटल्ड याचा अर्थ कंपनीनं ठरल्यापेक्षा कमी घेऊन उरलेल्यावर पाणी सोडलं. पुढचा कर्ज देणारा हे वाचतो आणि मागे सरतो. फोनवरच्या माणसानं यातलं काहीही सांगितलं नव्हतं. असा फोन आजही किती जणांना येत असेल, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

दुसरी नोंद तर सरळ चुकीची होती. 2018 मधल्या मिक्सरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता, 1,150 रुपये, थकीत दाखवला होता, आणि माझ्या पासबुकात तो कापल्याची ओळ होती. ऑनलाइन तक्रार केली. अशा तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लावावा लागतो, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल 2024 पासून आहे. माझी नोंद 26 व्या दिवशी दुरुस्त झाली. मधल्या काळात "पाच हजारांत सिबिल क्लीन करून देतो" म्हणणारा एकजण भेटला होता. असं कुणालाही करता येत नाही. ज्यानं कर्ज दिलं त्यानं दुजोरा दिल्याशिवाय नोंद बदलत नाही, आणि तक्रार करायला पैसे लागत नाहीत.

मोबाईलच्या कर्जाचे उरलेले 4,400 मी कंपनीच्या शाखेत जाऊन भरले. पावती लगेच मिळाली, पण 'आता काही येणे नाही' असं पत्र मिळायला तीन खेपा झाल्या. ते पत्र हातात आल्याशिवाय हलू नका. दीड महिन्यानं खातं क्लोज्ड झालं. थकलेल्या महिन्यांचे चौकोन मात्र तसेच राहिले, ते पैसे भरून पुसले जात नाहीत.

आता नवीन, चांगले चौकोन भरायला हवे होते. बँकेत 15,000 ची एफडी केली आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. एफडी तारण असल्यामुळे सिबिलवर अडलं नाही. त्यावर फक्त पेट्रोल आणि किराणा, आणि बिल आलं की पूर्ण रक्कम. "किमान रक्कम भरा" असं लिहिलेलं असतं तिकडे बघितलंच नाही. जूनमध्ये 668, सप्टेंबरमध्ये 702.

या काळात मामा एकदा घरी आले. म्हणाले, "पतसंस्थेतनं काढ की. मी हाय जामीन, दुसरा बघू." पतसंस्थेचा दर 14 टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज, सिबिलचा प्रश्नच नाही. आबा काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात जामीन या शब्दाला वजन आहे. आबा एकदा शेजाऱ्याला जामीन राहिले होते, तो थकला, आणि वसुलीची नोटीस आमच्या दारात आली. दोन वर्षं आबांच्या ऊसबिलातून पैसे कापले गेले. मामांनी हात पुढे केला ते मी विसरणार नाही, पण त्यांची सही मी घेतली नाही. शिवाय आमच्या पतसंस्थेतल्या कर्जाची नोंद सिबिलला जात नाही, असं तिथल्या मॅनेजरनीच सांगितलं. माझं नाव सुधारायचं तर जिथं नोंद होते तिथंच हप्ते भरायला हवे होते.

बरोबर वर्षानं, 2025 च्या दसऱ्याला, मी पुन्हा त्याच शोरूममध्ये गेलो. 22 सप्टेंबरपासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला होता, त्यामुळे 125 सीसीची तीच गाडी साधारण सात हजारांनी उतरली होती. ऑन रोड 96,000. वर्षभर साठवलेले 36,000 डाउन पेमेंट भरले आणि 60,000 चं कर्ज मागितलं. या वेळी फॉर्म एकाच ठिकाणी भरला. सोबत सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि ते येणे नसल्याचं पत्र. त्या पत्रावरची तारीख त्यांनी दोनदा बघितली. दुपारी मंजुरी आली.

"11 टक्के फक्त," असं मला सांगण्यात आलं. हा फ्लॅट दर. म्हणजे 60,000 वर दोन्ही वर्षं पूर्ण व्याज, मूळ रक्कम फिटत गेली तरी. व्याज 13,200, महिन्याचा हप्ता 3,050. मी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च एकत्र दाखवणारं पत्रक, मागितलं. ऑक्टोबर 2024 पासून ते देणं बंधनकारक आहे, त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. प्रोसेसिंगचे 1,500 धरून तो 22.5 टक्के होता. पतसंस्थेच्या दरानं हप्ता 2,881 बसला असता. महागात पडतंय हे बघून, मोजून मी सही केली. 1,200 रुपयांचा 'लोन सुरक्षा' विमा त्यात घातला होता, तो ऐच्छिक आहे का विचारल्यावर काढला गेला.

हप्ता पाच तारखेला कापला जातो. मी तीन तारखेलाच खात्यात 3,500 ठेवतो, कारण हप्ता बाउन्स झाला तर दंड वेगळा आणि चौकोन वेगळा. आरसीवर कंपनीचा बोजा आहे. ऑक्टोबर 2027 मध्ये शेवटचा हप्ता गेला की कंपनीची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत तो उतरवायचा आहे. त्यासाठी फाइल आत्ताच केली आहे. पहिल्या कप्प्यात ते जुनं पत्र आहे, त्याच्या मागे पहिल्या हप्त्याची पावती. आबांनी फाइलीवर पेनानं गाडीचा नंबर लिहिलाय.