छत्रीवाल्याचे वीस आठवडे: कार्टून-सरावाची दुसरी नोंद

पहिल्या नोंदीच्या शेवटी मी अशी तक्रार केली होती की, मी काढलेली सगळी माणसे एकाच घरातली भावंडे वाटतात आणि तीही नुकतीच झोपेतून उठलेली. त्यानंतर वीस आठवडे झाले. या काळात रोज साधारण पंचवीस मिनिटे सराव झाला, मधले नऊ दिवस पूर्ण कोरडे गेले आणि दोन वह्या भरल्या. नवीन साहित्य आणायचे नाही, एवढे एकच बंधन मी स्वतःला घालून घेतले होते, कारण गेल्या वर्षी माझ्याकडे चित्रांपेक्षा पेनेच जास्त जमा झाली होती. ते बंधन एकदा मोडले. त्याविषयी पुढे लिहितो.

प्रगती मोजायची तर मोजपट्टी बदलता कामा नये, म्हणून मी एक पात्र आणि एक प्रसंग ठरवून घेतला. पात्र म्हणजे गोल चष्मा, झुपकेदार मिशा आणि चेंडूसारखे पोट असलेला एक गृहस्थ. प्रसंग म्हणजे वाऱ्याने त्याची छत्री उलटी होते आणि तो संतापतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, आधीचे चित्र न पाहता, हेच चित्र एका बैठकीत काढायचे आणि मागे तारीख घालून ठेवायचे, असा नेम होता. अशी पाच चित्रे आता माझ्यासमोर ओळीने मांडलेली आहेत. पहिले चित्र काढले तेव्हा मला ते मनापासून आवडले होते, हेही प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

आठवडे १ ते ३: रेघ

माझा समज असा होता की माझी रेघ कच्ची आहे आणि म्हणून चित्र कच्चे दिसते. पाच सेंटिमीटरची रेघ मी सात-आठ तुकड्यांत ओढत असे, त्यामुळे तिला जागोजागी केस फुटल्यासारखे दिसे. म्हणून पहिले तीन आठवडे मी फक्त रेघेवर घालवले: कागदावर दोन ठिपके द्यायचे, पेन कागदाला न टेकवता हवेतल्या हवेत दोनदा हात फिरवून घ्यायचा आणि मग एका दमात रेघ ओढायची. लहान वळणे मनगटातून येतात, पण लांब रेघ खांद्यातून हलवली तरच सलग राहते, हे वाचून माहीत होते. खांदा दुखू लागल्यावर ते पटले. अवघड वळण आले की हात वाकडा करण्याऐवजी कागद फिरवावा, ही सवयही याच काळात लागली.

रेघ सुधारली, यात शंका नाही. पण दुसऱ्या महिन्याचे चित्र पहिल्याइतकेच निर्जीव निघाले, फक्त आता ते स्वच्छ रेघेत निर्जीव होते. माझ्या मते रेघेच्या कवायतीचे आपण नवशिके लोक फार स्तोम माजवतो. बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटे हात मोकळा करण्यापुरती ती ठीक आहे. मी तिला तीन आठवडे दिले, कारण तिच्यात कोणताच निर्णय घ्यावा लागत नाही आणि पाने भरल्याचे समाधान मात्र मिळते.

आठवडे ४ ते ८: प्रश्न विचारायला शिकणे

मी माझी चित्रे तीन जणांना दाखवतो. त्यांपैकी एक ज्येष्ठ मित्र कित्येक वर्षे हास्यचित्रे काढत आले आहेत, दुसरा माझ्यासारखाच नवशिका आहे आणि तिसरी माझी दहा वर्षांची भाची, जिला चित्रकलेत काहीही रस नाही. सुरुवातीला मी चित्र पुढे करून ‘कसे वाटते?’ एवढेच विचारत असे, आणि ‘छान आहे’, ‘सुधारणा दिसते’ अशी उत्तरे घेऊन परत येत असे. यात त्यांचा दोष नव्हता. ज्या प्रश्नाला कौतुक हेच उत्तर अपेक्षित असते, त्या प्रश्नाला सभ्य माणसे कौतुकच देतात.

मग मी प्रश्न बदलला. चित्राविषयी काहीही न सांगता मी तिघांना वेगवेगळे विचारले, ‘छत्री अजून उलटायची आहे, आत्ता उलटते आहे की उलटून गेली आहे?’ तिघांनी तीन उत्तरे दिली. इतके दिवस कौतुक ऐकून जे कळले नव्हते, ते त्या एका संध्याकाळी कळले: माझ्या चित्रात क्षणच ठरलेला नव्हता. छत्री उलटलेली होती, चेहरा संतापलेला होता, पण पाय मात्र शांतपणे उभे होते, जणू वारा कमरेच्या वरच वाहत होता.

ज्येष्ठ मित्रांनी तेव्हा जे केले ते तपशिलाने लिहून ठेवण्यासारखे आहे. त्यांनी माझ्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि लाल पेन्सिलीने माझ्या गृहस्थाच्या टाचेपासून टाळूपर्यंत एकच रेघ ओढली. ती खांबासारखी सरळ निघाली. मग कागद थोडा सरकवून त्यांनी शेजारी दुसरी रेघ ओढली, धनुष्यासारखी मागे वाकलेली, आणि तिच्यावर एक गोल डोके, एक गोल पोट आणि वाऱ्याच्या दिशेला रोवलेला एक पाय, एवढेच ठेवले. डोळे नाहीत, मिशा नाहीत, कपडे नाहीत. तरी तो माणूस वाऱ्याशी झुंजत होता. मी माझ्या चित्राची बाजू मांडू लागलो, की वारा जोरात सुटला आहे, पण हा गृहस्थ मूळचाच ताठ स्वभावाचा आहे, वगैरे. त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, ‘हे सगळे सांगायला तुम्ही प्रत्येक चित्राशेजारी उभे राहणार आहात का?’

त्या दिवसापासून चित्र दाखवताना तोंड बंद ठेवण्याचा नियम केला. ऐकायला सोपा वाटतो. मला तो पाळायला महिना लागला.

यानंतरचे पाच आठवडे मी या एका रेघेवरच काम केले. तिला कोणी कृतिरेषा म्हणतात, आम्ही आपसांत ‘कणा’ म्हणतो. घड्याळ लावून तीस सेकंदांत एक आकृती, अशा रोज दहा आकृत्या काढल्या. तीस सेकंदांत तपशील काढताच येत नाहीत, म्हणून नाइलाजाने आधी कणा, मग डोके आणि धड, मग हातपाय असा क्रम लागतो. पूर्वी मी डोक्यापासून सुरुवात करून खाली उतरत असे आणि पायांपर्यंत पोहोचेतो कागद संपत असे. माझ्या अनेक गृहस्थांना पावले का नव्हती, याचे कारण एवढे साधे होते.

आठवडे ९ ते १५: चेहरा, आणि भाचीची परीक्षा

हा भाग मला सर्वांत जास्त शिकवून गेला, त्यामुळे तो थोडा लांबवतो.

रोडोल्फ टॉप्फर या स्विस चित्रकाराने १८४५ साली चेहऱ्यांविषयी एक निरीक्षण मांडले होते: चेहरा कितीही ओबडधोबड काढला, तरी त्यावर काही ना काही भाव उमटतोच. म्हणजे भाव उमटवणे ही अडचण नाही. हवा तो भाव उमटवणे ही आहे. त्यामुळे भुवई थोडी हलवून, ओठाचे टोक थोडे खाली आणून काय होते ते पाहत जाणे, हाच शिकण्याचा मार्ग उरतो. मी तसाच सराव केला. एका पानावर सारखी बारा वर्तुळे काढली, प्रत्येकात नाक तेच आणि तिथेच ठेवले, आणि फक्त भुवया, पापण्या व तोंड बदलत गेलो. प्रत्येक चेहऱ्याचा भाव पानामागे लिहिला आणि पान भाचीपुढे ठेवले.

पहिल्या फेरीत बारांपैकी पाच भाव तिने ओळखले. माझ्या ‘संतापलेल्या’ चेहऱ्याकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, ‘मामा, याची दाढ दुखतेय का?’

मी हसलो, पण नंतर आरशासमोर बसून पाहिले तेव्हा तिचे बरोबर असल्याचे लक्षात आले. राग आणि वेदना या दोन्हींत भुवया खाली येतात आणि एकमेकींकडे ओढल्या जातात. फरक डोळ्यांत आहे: वेदनेत डोळे घट्ट मिटतात, नाकाला सुरकुत्या पडतात आणि वरचा ओठ वर ओढला जातो, रागात पापण्या ताणलेल्या असल्या तरी नजर समोरच्यावर रोखलेली असते. मी डोळे मिटलेले काढत होतो, कारण मिटलेला डोळा म्हणजे एक रेघ, आणि ती सोपी पडते. भीती आणि आश्चर्य यांचाही असाच घोटाळा झाला. दोन्हींत भुवया वर जातात आणि डोळे विस्फारतात, पण आश्चर्यात भुवया कमानीसारख्या गोल राहतात, तर भीतीत त्या वर जाताना जवळही येतात आणि त्यामुळे सरळ, ताणलेल्या दिसतात. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींची स्नायूंनुसार पद्धतशीर वर्गवारी प्रसिद्ध केली. अभ्यासकांसाठी ती मोठी गोष्ट आहे. मला मात्र तिच्यातून एवढेच हवे होते की भुवईचे आतले टोक आणि बाहेरचे टोक स्वतंत्रपणे हलते. कार्टूनमध्ये निम्मा अभिनय याच दोन टोकांवर चालतो.

चौथ्या फेरीत भाचीने बारांपैकी नऊ ओळखले. मोठ्या उत्साहाने मी तेच भाव माझ्या छत्रीवाल्याच्या चेहऱ्यावर चढवले, आणि आकडा घसरून चारवर आला.

याचे कारण शोधायला मला तीन दिवस लागले, आणि ते सापडले तेव्हा कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. गृहस्थाच्या चष्म्याची जाड चौकट बरोबर भुवयांवरून जात होती, आणि मिशांनी तोंड झाकले होते. ज्या दोन गोष्टींनी चेहरा बोलतो, त्या दोन्ही मी पात्र रचतानाच झाकून टाकल्या होत्या. त्यात भर म्हणजे भुवई आणि चौकट या दोन रेघा जिथे नुसत्या एकमेकींना टेकत होत्या, तिथे डोळ्याला पुढे काय आणि मागे काय हेच कळत नव्हते. दोन रेघांनी एक तर स्पष्ट एकमेकींवरून जावे किंवा स्पष्ट अंतर ठेवावे. नुसते चिकटून बसू नये.

चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरवला आणि भुवया चौकटीच्या वर मोकळ्या केल्या. मिशा काढून टाका, असे दोन्ही मित्रांचे मत पडले. ते मी मानले नाही. त्यांना दोष बरोबर दिसला होता, पण त्यांनी सुचवलेल्या उपायाने माझा गृहस्थ माझा राहिला नसता. त्याऐवजी मिशांनाच मी तोंडाचे काम दिले: राग आला की टोके खाली आणि केस पिंजारलेले, आनंद झाला की टोके वर, घाबरला की दोन्ही बाजू ताठ आडव्या. पुढच्या फेरीत आठ भाव ओळखले गेले. लोक दोष कुठे आहे ते बहुधा बरोबर सांगतात, पण उपाय प्रत्येक जण स्वतःच्या चित्रापुरता सांगतो, असे माझे या महिन्यांतले मत झाले आहे.

आठवडे १६ ते २०: उरलेसुरले, आणि शाई

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. संपूर्ण आकृती काळी भरून पाहिल्यावर कळले की छत्रीची मूठ पोटासमोर आल्यामुळे काळ्या आकृतीत ती दिसतच नाही. हात बाहेरच्या बाजूला नेला आणि काम झाले. हात काढताना आधी दांडा, मग त्याभोवती बोटे नसलेल्या हातमोज्यासारखा एकच आकार आणि शेवटी त्यात बोटे, हा क्रम मला मानवला. अंगठा सोडून बोटे चार ऐवजी तीनच काढतो. ॲनिमेशनमध्ये कष्ट वाचावेत म्हणून रूढ झालेली ही युक्ती स्थिर चित्रातही उपयोगी पडते, कारण लहान आकाराच्या हातावर चौथे बोट नुसती गर्दी करते. कागद उलटा करून उजेडासमोर धरला की चेहरा एका बाजूला कललेला लगेच दिसतो. माझे सगळे चेहरे एकाच बाजूला कलतात.

शाईने मात्र छळले. पेन्सिलीतला जिवंत गृहस्थ शाई फिरवल्यावर मेणाचा होई, कारण मी पेन्सिलीच्या रेघेवरून जपून, हळूहळू पेन चालवत असे. येथेच बंधन मोडून मी फिकट निळी पेन्सिल आणली. छपाईसाठी फोटो काढण्याच्या जुन्या पद्धतीत हा फिकट निळा रंग फिल्मवर उमटत नसे, म्हणून कच्चे रेखाटन त्याच रंगात करून खोडायची गरज उरत नसे. आता स्कॅन केल्यावर तो रंग सहज वगळता येतो. मला त्याचा फायदा वेगळाच झाला. निळी रेघ इतकी पुसट असते की तिच्यावरून गिरवता येत नाही, शाईने पुन्हा चित्रच काढावे लागते. बाहेरच्या रेघेला ०.८ आणि कपड्यांच्या घड्यांना ०.३ मिलिमीटरचे पेन वापरल्यावर पोट एकदम गोल दिसू लागले. चौथ्या महिन्याच्या चित्रावर शाई वाळण्यापूर्वीच खोडरबर फिरवल्यामुळे गृहस्थाच्या डाव्या गालावर एक करडा फराटा आहे. नेमाप्रमाणे चित्र पुन्हा काढले नाही.

पाचवे चित्र या महिन्याच्या एक तारखेला झाले. ‘छत्री कोणत्या क्षणी आहे?’ या प्रश्नाला या वेळी ज्येष्ठ मित्र आणि नवशिका मित्र यांनी एकच उत्तर दिले: आत्ता उलटते आहे. कणा वाकलेला आहे, पाय रोवलेला आहे, मिशा पिंजारल्या आहेत. भाचीने राग पहिल्याच नजरेत ओळखला. मग तिने चित्र जवळ ओढले, छत्रीवर बोट ठेवून काड्या मोजल्या आणि म्हणाली, ‘मामा, एका बाजूला पाच काड्या आणि दुसऱ्या बाजूला दोनच का?’

वीस आठवडे मी त्या छत्रीकडे पाहिलेच नव्हते. घरातली आठ काड्यांची एक मोडकी छत्री सध्या टेबलावर उलटी उघडून ठेवली आहे, आणि या आठवड्याची पाने तिच्यासाठी राखली आहेत.