सिनसिनाटीतले शुक्रवार

अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत येऊन आम्हाला आता सहा वर्षे झाली, आणि या शहरातली आमची बहुतेक माणसे मला उकळत्या तेलाच्या कढईपाशी भेटली. ही कढई मुलाच्या शाळेची. राखेच्या बुधवारानंतर ईस्टरपर्यंतच्या प्रायश्चित्तकाळातल्या (लेंटमधल्या) शुक्रवारी इथल्या अनेक कॅथलिक धर्मग्रामांच्या, म्हणजे एकेका चर्चला जोडलेल्या लोकसमूहांच्या, सभागृहांत ‘फिश फ्राय’ असते. संध्याकाळी रांगा लागतात आणि तळलेला कॉड मासा, फ्राइज, मॅकरोनी-चीज, कोलस्लॉ अशा ताटल्या भरून दिल्या जातात. आमच्याकडे तळणारे, वाढणारे, पैसे घेणारे आणि भांडी घासणारे सगळे पालकच असतात; ताटल्या टेबलापर्यंत नेण्याचे काम सातवी-आठवीच्या मुलांकडे असते, आणि उरलेला पैसा शाळेच्या खर्चाला जातो.

शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे मात्र चालतात, हा नियम आम्हा वसईच्या कॅथलिकांनाही लहानपणापासून माहीत आहे. परंतु ज्या घरात पापलेट म्हणजे पाहुण्याचा मान आणि सुके बोंबील म्हणजे पावसाळ्याचा आधार, त्या घरातल्या माणसाला मासे खाणे हा त्याग कसा, हे पटणे अवघड आहे. माझी आजी या काळात मासळीही सोडत असे; जिभेला आवडते ते सुटले नाही तर उपवास कसला, असे तिचे म्हणणे होते. इथे मात्र या नियमाने बाजारालाही वळण लावले. सिनसिनाटीत मॅकडॉनल्ड्सचे दुकान चालवणारे लू ग्रोएन यांच्याकडे शुक्रवारी कॅथलिक गिऱ्हाईक फिरकत नसे, म्हणून त्यांनी 1962 मध्ये माशाचे सँडविच विकायला घेतले, आणि तेच पुढे ‘फिले-ओ-फिश’ या नावाने जगभर गेले.

ज्याला इथे ‘ग्रेड स्कूल’ म्हणतात, ती बालवर्गापासून आठवीपर्यंतची शाळा असते. आमची शाळा धर्मग्रामाची आहे, म्हणजे चर्च, वर्ग, सभागृह आणि मैदान हे सारे एकाच आवारात. अशा शाळा इतक्या ठिकाणी का दिसतात, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. त्या काळच्या सरकारी शाळांमध्ये प्रॉटेस्टंट वळणाची प्रार्थना आणि बायबलवाचन चालत असे, आणि जर्मन व आयरिश स्थलांतरितांना ते आपल्या मुलांसाठी नको होते. अखेर 1884 मध्ये बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेत बिशपांनी ठरवले की, प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा उभी राहावी. त्या शाळा चालल्या त्या नाममात्र मानधनावर शिकवणाऱ्या सिस्टरांच्या जिवावर. 1960 च्या दशकात देशभरातल्या कॅथलिक शाळांत 50 लाखांहून अधिक मुले होती. आज ती संख्या 17 लाखांच्या आसपास आहे. सिस्टरांची संख्या घटली, त्यांच्या जागी पूर्ण पगाराचे शिक्षक आले, फी वाढली, आणि तरीही जी तूट राहिली ती भरायला पालकांचे हात लागले. ओहायो राज्याने 2023 पासून फीसाठीची शिष्यवृत्ती सर्व उत्पन्नगटांना खुली केली आहे (उत्पन्न वाढेल तशी तिची रक्कम घटते). तिचा आधार झाला, पण कढई थंड झालेली नाही.

आमच्या शाळेत प्रत्येक कुटुंबाने वर्षाला ठरावीक तास काम करायचे असते, नाहीतर वर्षअखेरीस त्याचे पैसे भरायचे असतात. पहिल्या वर्षी मला याचा रागच आला होता. फी भरा आणि वर वेठही करा, असे मी नवऱ्याला बोलूनही दाखवले. शिवाय ज्या टेबलावर मी बसे, तिथल्या बायका एकमेकींच्या आज्यांपर्यंतच्या ओळखी सांगत, कारण त्या आज्याही याच शाळेत शिकलेल्या. मी कोलस्लॉ वाढत गप्प उभी राहत असे. वसईत आमच्या आईवडिलांनी शाळेचा उंबरठा ओलांडला तो निकालाच्या दिवशीच. राबायचे ते चर्चच्या सणाला, गावात कुणाच्या लग्नाला. पॅरिशला आपण मराठीत धर्मग्राम म्हणतो, आणि इथे त्या शब्दातले ग्राम शाळेत वस्तीला आहे, हे माझ्या उशिराच लक्षात आले.

माझे मौन सुटले ते मुलामुळे. 1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाला तिसरीची मुले एकेका संताचा वेश करून त्याची माहिती सांगतात. वर्गात फ्रान्सिस आणि पॅट्रिक यांची गर्दी होती, म्हणून आम्ही गोन्सालो गार्सिया निवडला. जुन्या तपकिरी पडद्याचा झगा शिवला, कमरेला दोरी बांधली. वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि तिथल्याच आईचा हा मुलगा जपानमध्ये व्यापार करून पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर (धर्मबंधू) झाला, 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मेला आणि 1862 मध्ये संत ठरला, हे सारे मुलाने न अडखळता सांगितले. शेवटी त्याने पदरचे एक वाक्य जोडले, “माझी आई त्याच्या नावाच्या कॉलेजात शिकली.” नंतर दोन आज्या वसई नकाशावर कुठे आहे, हे विचारत माझ्यापाशी आल्या.

बाकीचे वर्ष अशाच ठरलेल्या दिवसांवर चालते. 6 डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी, मुले बूट वर्गाबाहेर ठेवतात आणि त्यांत चॉकलेटची नाणी सापडतात. मे महिन्यात नुकतेच पहिले कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेतलेली दुसरीची मुले त्याच पांढऱ्या कपड्यांत मारियामातेच्या पुतळ्याला फुलांचा मुकुट घालायला येतात. मला सर्वांत आवडते ती आठवी आणि पहिलीची जोडी. प्रत्येक मोठ्या मुलाला एक लहान सोबती नेमून दिलेला असतो, आणि आठवड्याच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) दोघे शेजारी बसतात. एरवी कुणाचे ऐकायला तयार नसलेली तेरा वर्षांची मुले त्या वेळी एखाद्याच्या बुटाची नाडी बांधताना दिसतात.

गेल्या वर्षी मी सासूबाईंनी पाठवलेला घरचा मसाला डब्यात घालून नेला आणि सभागृह रिकामे झाल्यावर मदतनिसांसाठी कॉडचे चार तुकडे वसईच्या पद्धतीने तळले. तीस वर्षे ही कढई सांभाळणारे आजोबा दोन तुकडे उभ्या-उभ्या खाऊन गेले आणि पुढच्या शुक्रवारी त्यांनी स्वतःहून डब्याची चौकशी केली. मसाल्याचा मासा यादीत घ्यावा, असा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवला आहे. समितीत तेच आजोबा आहेत, आणि यादी बदलायला त्यांचा विरोध आहे.